विभाजन अक्ष, यांत्रिक हत्यारांतील

यांत्रिक हत्यारावर धरलेली कार्यवस्तू ठराविक कोनातून फिरवून आणि त्या जागी पक्की आवळून मगच कर्तनास सुरुवात करता यावी, अशी सोय करणाऱ्या अक्षास विभाजन अक्ष म्हणतात. या अक्षावरील टेबल किंवा तर्कू वाटेल त्या कोनात उभा राहू शकत नाही. वर्तुळाचे ७२, ३६० किंवा अशाच एखाद्या संख्येइतके समान भाग पाडलेले असतात आणि अक्ष त्यांपैकी कोणत्या तरी एका भागावरच स्थिर होतो. याउलट अखंड घूर्णी अक्ष कोणत्याही कोनात थांबू शकतो व फिरत असतानाही कर्तन चालू ठेवू शकतो. संगणक-नियंत्रित यांत्रिक हत्यारांत हे दोन्ही प्रकार आढळतात. दंतचक्राचे दात, टर्बाइनाच्या चक्रावरील खाचा, झडपांच्या बैठकीवरील भोके, एंजिनाच्या ठोकळ्याच्या चारही बाजूंचे यंत्रण इ. कामे वर्तुळाच्या अचूक विभाजनावर अवलंबून असतात.

विभाजनाच्या क्रियेत दोन वेगळी कामे अंतर्भूत आहेत. एक वस्तू फिरविण्याचे व दुसरे ती योग्य जागी थांबविण्याचे. फिरविणे सोपे असते. अचूकतेचा सारा भार थांबविण्यावर पडतो. सुमारे तीन शतकांत ही जबाबदारी कारागिराच्या हाताकडून मळसूत्राकडे, मळसूत्राकडून भोकांच्या तबकडीकडे आणि तेथून दातांच्या जोडणीकडे गेली. विभाजन अक्षाचा इतिहास हा मुख्यतः या हस्तांतराचा इतिहास आहे.

वर्तुळविभाजनाचा प्रश्न : अंशाचा साठावा भाग म्हणजे कला व कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. या सूक्ष्म मापांची गरज प्रथम कारखान्यास नव्हे, तर ज्योतिषशास्त्रास व नौकानयनास भासली. उपकरण लहान असेल, तर त्याच्या कडेवर कला दाखविण्यास जागाच उरत नाही. म्हणून जुन्या वेधकर्त्यांनी उपकरणे मोठी केली. सवाई जयसिंग यांनी अठराव्या शतकात जयपूर येथे बांधलेल्या वेधशाळेतील सम्राट यंत्र सुमारे २७ मी. उंच असून त्याच्या कंसावर २ सेकंदांपर्यंतचा काळ वाचता येईल अशा खुणा आहेत. दगडी बांधकामात अचूकता आणण्याचा हा मार्ग सयुक्तिक होता; परंतु असे यंत्र जहाजावर नेता येत नाही.

सरळ रेषेचे विभाजन व वर्तुळाचे विभाजन यांत एक मूलभूत भेद आहे. रेषेची लांबी मोजण्यास बाहेरचे प्रमाण लागते. वर्तुळास ते लागत नाही. पूर्ण फेरा केल्यावर आरंभबिंदू पुन्हा येतोच आणि सर्व भागांची बेरीज नेहमी ३६० अंशच होते. एक भाग मोठा झाला, तर दुसरा कोणता तरी लहान झालेला असलाच पाहिजे. त्यामुळे विभाजनातील चुका वर्तुळाचे भाग एकमेकांशी ताडून शोधता येतात. पुढील सर्व पद्धतींनी या गुणधर्माचा उपयोग करून घेतला.

हाताने विभाजन : इंग्लंडमध्ये जॉर्ज ग्रॅहॅम यांनी १७२५ मध्ये ग्रिनिच वेधशाळेसाठी ८ फुट (सुमारे २.४ मी.) त्रिज्येचे भिंतीवरील पादवर्तुळी यंत्र तयार केले. एवढ्या त्रिज्येवर एक कला सुमारे ०.७ मिमी. इतकी जागा घेते. ग्रॅहॅम यांनी या कंसावर दोन मापपट्ट्या आखल्या. एक नेहमीची ९० भागांची व दुसरी ९६ भागांची. वर्तुळाच्या त्रिज्येइतकी जीवा बरोबर ६० अंशांचा कंस छेदते. ९६ भागांच्या पट्टीत या कंसाचे ६४ भाग पडतात व ते केवळ सहा वेळा दुभागून मिळतात. कंपासाने दुभागणे हे तीन किंवा पाच भाग करण्यापेक्षा अधिक विश्वसनीय असते. म्हणून ९६ भागांची पट्टी ९० भागांच्या पट्टीची साक्षीदार ठरली.

जॉन बर्ड यांनी १७५० मध्ये ग्रिनिचसाठी दुसरे पादवर्तुळी यंत्र केले. काम चालू असताना पितळी कंस व कंपास यांचे तापमान सारखे राहावे याची ते फार काळजी घेत. कारण थोड्याशा उष्णतेनेही धातू प्रसरण पावून खुणा सरकतात. त्यांची पद्धती सर्वांना उपलब्ध व्हावी म्हणून रेखांश मंडळाने त्यांना ५०० पौंड दिले आणि तिचे वर्णन १७६७ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि वर्णन वाचून बर्ड यांचा हात कोणास मिळत नव्हता. कौशल्य व्यक्तीबरोबर राहत असे आणि व्यक्तीबरोबरच जात असे.

रॅम्सडेन यांचे विभाजन यंत्र : समुद्रावर रेखांश ठरविण्याच्या उपायासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ च्या कायद्याने २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस ठेवले होते. १७६७ या वर्षापासून नाविक पंचांग प्रसिद्ध होऊ लागल्यावर चंद्र व तारे यांमधील कोन मोजून रेखांश काढण्याची पद्धती व्यवहारात आली. चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. त्यामुळे कोन मोजण्यात एका कलेची चूक झाल्यास काळात सुमारे दोन मिनिटांची व रेखांशात सुमारे ३० कलांची चूक होते. विषुववृत्ताजवळ हे अंतर जवळजवळ ५५ किमी. भरते. जहाज खडकावर आपटण्यास याहून कितीतरी कमी अंतर पुरते. दुसरीकडे, सेक्स्टंट या नाविकाच्या उपकरणात आरशातील परावर्तनामुळे कोन दुप्पट वाचला जातो. म्हणून २५ सेंमी. त्रिज्येच्या सेक्स्टंटवर एका कलेस अवघी ०.०३६ मिमी. जागा मिळते. इतके बारीक काम हाताने, प्रत्येक जहाजासाठी आणि परवडणाऱ्या किंमतीत करणे शक्य नव्हते.

घड्याळजींपाशी तबकडीवर भोके पाडून चक्रांचे दात कापणारी यंत्रे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होती. त्यांचे श्रेय सामान्यतः रॉबर्ट हुक यांना देण्यात येते. यॉर्क येथील हेन्री हिंडली यांनी अठराव्या शतकाच्या मध्यापूर्वीच मळसूत्राने फिरणाऱ्या चक्राचे विभाजन यंत्र बनविले होते. फ्रान्समध्ये शोल्नचे ड्यूक यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने विभाजन करण्याची पद्धती १७६८ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु उपकरणांच्या व्यवसायात खरे परिवर्तन घडविले ते जेसी रॅम्सडेन (१७३५–१८००) यांनी. त्यांचे दुसरे व मोठे यंत्र १७७५ च्या सुमारास पूर्ण झाले. त्यातील कासे या मिश्रधातूच्या चक्राचा व्यास ४५ इंच (सुमारे ११४ सेंमी.) असून कडेवर २,१६० दात होते. या दातांत एक मळसूत्र बसविलेले होते. मळसूत्राचा एक फेरा झाला म्हणजे चक्र एका दाताने, म्हणजेच १० कलांनी पुढे सरके. मळसूत्राच्या टोकाशी ६० भागांची तबकडी असल्याने १० विकलांपर्यंतचा भाग साधता येई.

हे २,१६० दात मुळात समान कसे पाडले, हा कळीचा प्रश्न होय. रॅम्सडेन यांनी प्रथम वर्तुळाचे ५ भाग केले, प्रत्येकाचे ३ भाग केले आणि मग चार वेळा दुभागून २४० खुणा मिळविल्या. प्रत्येक दोन खुणांमध्ये मळसूत्राच्या ९ फेऱ्या बसल्या पाहिजेत या कसोटीवर कर्तक मळसूत्र फिरवीत त्यांनी दात कापले. हाताने केलेले विभाजन येथे एकदाच, पण अत्यंत काळजीपूर्वक केले गेले. त्यानंतर ते काम चक्राने कायमचे आपल्या अंगावर घेतले. यंत्राला पायटा होता. तो दाबला की मळसूत्र आधी ठरविलेल्या मर्यादेपर्यंत फिरे व अडसराशी थांबे. मग कारागीर एक रेषा ओढी. फिरणे, थांबणे व कर्तन हा क्रम आजच्या विभाजन अक्षाचाही आहे.

रेखांश मंडळाने रॅम्सडेन यांना एकूण ६१५ पौंड दिले. त्यांपैकी ३०० पौंड शोधाबद्दल व ३१५ पौंड यंत्राची मालकी मंडळाकडे देण्याबद्दल होते. यंत्र त्यांच्याच ताब्यात राहिले. मात्र इतर कारागिरांना ते शिकविणे आणि इतरांची उपकरणे ठरलेल्या दराने, म्हणजे अष्टांशक यंत्रास ३ शिलिंग व सेक्स्टंटास ६ शिलिंग घेऊन, विभागून देणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. यंत्राचे सविस्तर वर्णन १७७७ मध्ये प्रसिद्ध झाले. बर्ड यांच्या वेळी सरकारने एका कारागिराची पद्धती विकत घेतली होती. आता त्याने अचूकता वाटून देणारे साधनच सर्वांच्या उपयोगासाठी घेतले. हे मूळ यंत्र अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेले आहे.

चुकांची नोंद : एडवर्ड ट्राउटन यांनी १८०९ मध्ये वेगळी दिशा दाखविली. प्रत्येक खूण निर्दोष करण्याचा अट्टाहास सोडून त्यांनी आधी तात्पुरत्या खुणा केल्या. त्या सूक्ष्मदर्शकांखाली एकमेकींशी ताडल्या, प्रत्येक खुणेची चूक मोजून तिचा तक्ता तयार केला आणि अंतिम रेषा ओढताना त्या तक्त्यानुसार दुरुस्ती केली. या कार्याबद्दल त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. चूक टाळता येत नसेल, तर ती मोजून ठेवावी व वेळेवर वजा करावी, हे तत्त्व पुढे संगणकाच्या काळात विशेष उपयोगी ठरले.

विभागलेल्या वर्तुळाचे मोल भारतातही लवकरच प्रत्ययास आले. विल्यम लँब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आरंभिलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात लंडनच्या विल्यम केरी यांनी बनविलेले, ३६ इंच (सुमारे ९१ सेंमी.) व्यासाच्या क्षैतिज वर्तुळाचे मोठे थिओडोलाइट वापरले जाई. १८०८ मध्ये तंजावर येथे ते देवळाच्या गोपुरावर चढविताना दोर तुटला, उपकरण भिंतीवर आदळले व वर्तुळ वाकले. बदली उपकरण मिळण्यास दीर्घ काळ लागला असता. लँब्टन यांनी काही आठवडे खपून वर्तुळ हळूहळू ओढून पूर्ववत आकारात आणले आणि काम पुढे चालू ठेवले. त्यांचा मृत्यू १८२३ मध्ये सध्याच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. त्या वेळीही सर्वेक्षण चालूच होते.

कारखान्यातील विभाजन शीर्ष : एकोणिसाव्या शतकात विभाजनाची गरज उपकरणांच्या दालनातून यंत्रशाळेत आली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे बंदुकांचे भाग तयार होत असत. त्यांना लागणाऱ्या पिळाच्या गिरमिटांचे खोबण कानशीने घासून करावे लागे. हे काम यंत्राने व्हावे म्हणून जोझेफ ब्राउन यांनी १८६१ मध्ये सार्वत्रिक चक्री कर्तन यंत्राचा अभिकल्प तयार केला आणि १८६२ मध्ये असे पहिले यंत्र विकले गेले. कारखान्यात ज्यास डिव्हायडिंग हेड म्हणतात, ते विभाजन शीर्ष या यंत्राचा महत्त्वाचा भाग होते. त्यामुळे पिळाची खोबणे, दंतचक्रांचे दात, कर्तकांच्या धारा इ. अनेक कामे एकाच यंत्रावर होऊ लागली.

विभाजन शीर्षात हातमुठीच्या दंडावर मळसूत्र असते व ते ४० दातांच्या चक्रात गुंतलेले असते. म्हणून मूठ ४० वेळा फिरविली म्हणजे कार्यवस्तूचा एक फेरा पूर्ण होतो. मुठीचा एक फेरा म्हणजे वस्तूचे ९ अंश. समजा, २८ दातांचे चक्र कापावयाचे आहे. ४० ला २८ ने भागल्यास १ पूर्ण व ३/७ फेरा येतो. ३/७ फेरा डोळ्यांनी मोजता येत नाही. त्यासाठी मुठीमागे समकेंद्री वर्तुळांवर भोके पाडलेली तबकडी असते. २१ भोकांचे वर्तुळ निवडल्यास ३/७ म्हणजे ९ भोके होतात. प्रत्येक दातानंतर कारागीर मूठ एक पूर्ण फेरा व वर ९ भोके फिरवितो, मुठीतील खुंटी भोकात सोडतो आणि शीर्ष आवळतो. २८ वेळा असे केल्यावर खुंटी पुन्हा पहिल्या भोकात येते. ती तशी आली नाही, तर मोजणीत चूक झाली हे त्याला तत्काळ कळते. वर्तुळ आपली तपासणी आपणच करते ते असे.

ज्या मूळ संख्येच्या भोकांचे वर्तुळ तबकडीवर नसते, तिच्यासाठी भेदात्मक विभाजनाची युक्ती वापरतात. जवळच्या सोयीच्या संख्येप्रमाणे मूठ फिरवावयाची आणि त्याच वेळी बदलत्या दंतचक्रांच्या साहाय्याने तबकडीच किंचित पुढे किंवा मागे सरकू द्यावयाची. उरलेला फरक या सरकण्याने भरून निघतो. या पद्धतींत अचूकता यंत्राची असली, तरी मोजणी माणसाचीच होती. शेवटच्या दातापाशी एक भोक चुकले, तर आधीचे सर्व काम वाया जाई.

अंकीय नियंत्रण : मोजणी यंत्राकडे सोपविण्याचे कार्य विसाव्या शतकाच्या मध्यास झाले. मिशिगन राज्यातील जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे उत्पादक होते. पात्यांच्या वक्र आकाराचे बिंदू छिद्रपत्रांवरील गणकयंत्राने काढून त्यांनुसार कर्तन करण्याची कल्पना त्यांनी मांडली. अमेरिकी हवाई दलाने १९४९ मध्ये त्यांना कंत्राट दिले. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या सर्व्होयंत्रणा प्रयोगशाळेने या कार्यात भाग घेतला व १९५२ मध्ये छिद्रित फितीवर चालणाऱ्या तीन अक्षांच्या चक्री कर्तन यंत्राचे प्रात्यक्षिक केले. १९५८ च्या सुमारास स्वतःच हत्यार बदलणारी यंत्रण केंद्रे बाजारात आली. हत्यार आपोआप बदलू लागल्यावर वस्तूही आपोआप वळणे ओघानेच आले; नाहीतर प्रत्येक बाजूसाठी ती सोडून पुन्हा बांधावी लागली असती.

प्रमाणित नामकरणानुसार एक्स, वाय व झेड या सरळ अक्षांभोवती फिरणाऱ्या अक्षांना अनुक्रमे ए, बी व सी ही अक्षरे दिली आहेत. आडव्या तर्कूच्या यंत्रण केंद्रातील फिरते टेबल बहुधा बी अक्ष असते. सुरुवातीच्या अनेक नियंत्रकांत या टेबलास खरा अक्ष मानीत नसत. ‘पुढच्या भागावर जा’ असा एक साहाय्यक संकेत दिला जाई आणि टेबल एक पाऊल वळे. १९७० नंतरच्या दशकात लघुसंगणक व सूक्ष्मप्रक्रियक नियंत्रकात आल्यावर टेबलास अंशांत आज्ञा देता येऊ लागली.

विभाजन अक्षाचे कार्य : आधुनिक विभाजन टेबलात वर्तुळाकार कडेवर त्रिज्येच्या दिशेने दात असलेल्या दोन चकत्या समोरासमोर असतात. एक यंत्राच्या बैठकीस व दुसरी टेबलास जोडलेली असते. या जोडणीस जर्मन अभियंते आल्बर्ट हिर्ट यांचे नाव मिळाले आहे. मुळात ती तुकड्यातुकड्यांनी बनविलेल्या भुजादंडाचे भाग जोडण्यासाठी योजिली होती. चकत्या एकमेकींवर दाबल्या म्हणजे सर्व दात एकाच वेळी पाचरीप्रमाणे बसतात व टेबल आपोआप मध्यावर येते. ७२ दात असल्यास ५ अंशांचे व ३६० दात असल्यास १ अंशाचे पाऊल मिळते.

एका विभाजनात पुढील घटना क्रमाने घडतात. (१) नियंत्रक दिलेला कोन तपासतो. तो पावलाच्या पटीत नसेल, उदा., १ अंशाच्या टेबलास ७.५ अंश सांगितले असतील, तर काम थांबवून दोष दाखवितो. (२) इतर अक्षांची गती थांबते. (३) तेलाच्या किंवा हवेच्या दाबाने टेबल उचलले जाते व दात सुटतात. (४) दात सुटल्याचा संकेत संवेदकाकडून मिळाल्यावरच चलित्रास फिरण्याची परवानगी मिळते. (५) चलित्र शीघ्र गतीने इष्ट कोनाजवळ नेते. मळसूत्र व चक्र यांचे गुणोत्तर ९०:१ असेल, तर चलित्राचा एक फेरा म्हणजे ४ अंश. ३० अंशांसाठी साडेसात फेरे. हे विभाजन शीर्षाचेच गणित आहे, केवळ मुठीच्या जागी चलित्र आले आहे. (६) टेबल खाली येते, दात बसतात. बसण्यापूर्वी त्यांवर हवेचा झोत सोडून धातूचे कण उडवून देतात. (७) पक्के बसल्याचा संकेत आल्यावर पुढील आज्ञेस वाट मिळते.

या क्रमात चलित्राचे काम केवळ दात योग्य जोडीदारासमोर आणण्याचे आहे. अंतिम जागा दातच ठरवितात. मळसूत्र व चक्र यांमधील मोकळीक, चलित्राची किंचित चूक, दंडाचा पीळ या सर्वांचा परिणाम दात बसताच नाहीसा होतो. म्हणूनच अनेक रचनांत टेबल बसल्यावर चलित्राचा जोर सैल करतात. अन्यथा चलित्र आपल्या मोजमापाप्रमाणे आणि दात आपल्या जागेप्रमाणे टेबलास ओढीत राहतील, प्रवाह वाढेल व यंत्रणा तापेल. फिरविणे व थांबविणे ही दोन कामे वेगळी ठेवण्याचा हेतू येथे पूर्णपणे स्पष्ट होतो.

यातूनच विभाजन अक्षाचे नियम निघतात. त्यास शीघ्र स्थाननिश्चितीचीच आज्ञा देता येते, कर्तनाच्या गतीची नाही. इतर अक्षांबरोबर समन्वित गतीने वक्र पृष्ठ कापण्यासाठी तो वापरता येत नाही. ३६० अंश व ० अंश ही एकच जागा असल्याने नियंत्रक बहुधा जवळचा मार्ग निवडतो. ३५० अंशांवरून १० अंशांवर जाताना तो ३४० अंश मागे न फिरता २० अंश पुढे जातो. टेबलास तेलाच्या नळ्या किंवा तारा जोडलेल्या असतील, तर मात्र फिरण्याची दिशा मुद्दाम ठरवून द्यावी लागते.

अचूकतेचे मोल : १ विकलेची चूक केंद्रापासून २५० मिमी. अंतरावर सुमारे ०.००१२ मिमी. सरकण्यास कारणीभूत होते. गियर पेटीच्या कवचात समोरासमोरच्या दोन भिंतींतील छिद्रे एकाच रेषेत हवी असतात. एक भिंत कापून टेबल १८० अंशांनी वळविले जाते व दुसरी भिंत कापली जाते. वळण्यात १० विकलांची चूक झाल्यास ५०० मिमी. अंतरावर छिद्र सुमारे ०.०२४ मिमी. सरकते. दंड तिरपा बसतो, धारवा तापतो आणि दात एका बाजूने झिजतात. दातांमध्ये अडकलेला धातूचा एक कणही असाच अनर्थ घडवू शकतो. यामुळे टेबल न उचलता तिसऱ्या सरकत्या चकतीने दात सोडणारी व आवळणारी रचना पुढे आली. तीत दात झाकलेलेच राहतात.

दातांची जोडणी तिच्या सुट्या दातांपेक्षा अधिक अचूक असते, ही लक्षणीय गोष्ट होय. शेकडो दात एकदम बसत असल्याने एकाची चूक इतरांच्या लवचिक दाबाने सरासरीत विरून जाते. शिवाय दोन चकत्या एकमेकींवर वेगवेगळ्या जागी फिरवून पुनःपुन्हा घासल्या, तर उंच दात झिजतात आणि विभाजन आपोआप सुधारत जाते. अमेरिकेतील मूर कंपनीने १,४४० दातांची, म्हणजे १५ कलांच्या पावलाची विभाजन साधने बनविली व त्यांची अचूकता विकलेच्या दशांशापर्यंत नेली. बाहेरचे कोणतेही प्रमाण न घेता वर्तुळातूनच वर्तुळ सुधारण्याचा हा मार्ग ग्रॅहॅम व बर्ड यांच्या तत्त्वाशी नाते सांगतो.

सद्यःस्थिती : काचेच्या तबकडीवर सूक्ष्म रेषा असलेल्या प्रकाशीय कोनसंकेतकांमुळे अखंड घूर्णी अक्ष पुष्कळ अचूक झाले आहेत. उच्च दर्जाच्या संकेतकात ३६,००० रेषा असतात. दोन रेषांतील अंतर ३६ विकलांचे असून त्याचेही इलेक्ट्रॉनीय रीतीने आणखी सूक्ष्म भाग पाडले जातात. टेबलास थेट जोडलेल्या चलित्रांमुळे मळसूत्र व चक्र यांची मोकळीकही टळते. उरलेली चूक कोनानुसार मोजून नियंत्रकाच्या स्मृतीत तक्ता म्हणून ठेवतात व प्रत्येक हालचालीत वजा करतात. ट्राउटन यांनी कागदावर केलेले काम येथे संगणक क्षणोक्षणी करतो.

तरीही विभाजन अक्ष मागे पडलेला नाही. अखंड घूर्णी अक्षास थांबल्यावर चलित्राच्या जोराने किंवा गतिरोधकाच्या घर्षणाने जागा धरून ठेवावी लागते. दातांच्या जोडणीत ते काम पोलाद करते. जाड कर्तनाचे धक्के बसत असताना, वीज गेली असताना किंवा हजारो वस्तूंवर तेच चार कोन पुनःपुन्हा साधावयाचे असताना हा फरक निर्णायक ठरतो. ज्या कामास कोणताही कोन लागू शकतो तेथे अखंड घूर्णी अक्ष व ज्यास मोजकेच कोन, पण अढळ हवे असतात तेथे विभाजन अक्ष, अशी विभागणी यंत्रशाळांत रूढ झाली आहे. एकाच टेबलात दोन्ही सोयी देणाऱ्या रचनाही वापरात असून त्यांत वक्र कर्तनाच्या वेळी दात सुटलेले व जड कर्तनाच्या वेळी बसलेले ठेवतात.